नव्या कॅमवर जुने टॅपेट

आत्याच्या गॅरेजमध्ये मी मदतीला म्हणून गेलो आणि पाच मिनिटांत कोपराने अंड्यांचा ट्रे पालथा घातला. त्यात अंडी असती तर निदान पुसून घेता आली असती. होते व्हॅनच्या इंजिनातले आठ टॅपेट. कॅमशाफ्ट फिरला की त्याच्या उंचवट्यांनी वर ढकलले जाणारे आणि झडपा उघडणारे हे बुटके लोखंडी गडी. प्रत्येकजण आपापल्या उंचवट्यावर झिजलेला, म्हणून आत्या ते काढल्या क्रमाने मांडून ठेवायची. आता सगळे बाकाखाली घरंगळले होते आणि कोण कितवा, ते देवाला ठाऊक.

आत्याने वरसुद्धा पाहिलं नाही. "गोळा कर. आणि उद्या कोपर घरी ठेवून ये."

तीस वर्षं पाना धरलेली बाई. आमचे आत्तोबा बँकेत. गाडीतलं त्यांना फक्त चावी कुठे घालायची एवढंच कळतं.

तेवढ्यात व्हॅनवाले आले. बगलेत नव्या कॅमशाफ्टचा खोका. "हा बसवा. टॅपेट जुनेच चालतील, चांगले ठणठणीत आहेत."

"नव्या कॅमवर जुने टॅपेट मी बसवत नाही."

त्यांनी बाकाखालून डोकावणाऱ्या माझ्याकडे पाहिलं. "अस्सं! भाच्याने घोळ घातला, आणि नवे टॅपेट मी आणायचे?"

मला बाकाखालीच राहावंसं वाटलं. आत्याने माझ्या हातातला एक टॅपेट घेतला, त्याच्या बुडावर पोलादी पट्टी आडवी धरली आणि खिडकीकडे केली. पट्टीखाली मधोमध उजेडाची रेघ दिसली.

"नव्याचं बूड जरासं पोट काढून असतं, म्हणून तो फिरत राहतो. याचं पोट खपाटीला गेलंय. हा फिरणार नाही, नुसता घासणार. तुमचा नवा कॅम महिन्याभरात खाऊन टाकेल. क्रम लागला असता तरी हेच सांगितलं असतं."

"सगळे बसवतात, बाई."

"मग सगळ्यांकडे जा."

"माझ्या पाचही व्हॅन इथे येतात, विसरू नका!"

विसरणार कसं? त्या दिवशी गॅरेजमध्ये तीन गाड्या होत्या, तिन्ही त्यांच्याच. त्या गेल्या तर आत्याने दिवसभर करायचं काय? मी हळूच म्हटलं, "आत्या, एवढ्या एका वेळेला..."

"तू बाकाखालीच बरा होतास."

तिने खोका उचलून त्यांच्या हातात ठेवला. "जो बसवेल त्याच्याकडून बसवून घ्या. इंजिन इथे उघडलं होतं, हे मात्र कुणाला सांगू नका."

ते पाय आपटत गेले. आत्या चिंधीला हात पुसू लागली.

"आत्या, खरंच पाचही व्हॅन नेल्या तर?"

"नेऊ दे. माझे हात थोडेच नेतोय?"