कोरड्या विहिरीत बुडालेला माणूस

गावातल्या झाडून सगळ्या विहिरींनी तळ दाखवला, आणि पंपमास्तर दुकानात माशा मारत बसले. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करता करता त्यांचं खरं नाव लोक कधीच विसरले होते. पण उपसायला पाणीच नाही तर मोटार जळणार कशी, आणि जळली नाही तर दुरुस्तीला येणार कशी?

त्यांची बायको रहस्यकथांची वेडी. भाजी करपली तरी चालेल, पण खुनी सापडेपर्यंत पुस्तक खाली ठेवायची नाही.

"घरातल्या सगळ्या वाचून झाल्या," ती एकदा म्हणाली. "रिकामेच आहात, तर एखादी लिहून द्या."

ती बोलली थट्टेत. मास्तरांनी घेतलं मनावर. बाकावरची उघडी मोटार बाजूला सारली आणि पाठकोऱ्या कागदांवर लिहायला लागले. गाव हुबेहूब आपलंच: भेगाळलेली रानं, टँकरमागे धावणारी माणसं. पहिल्याच प्रकरणात गावचा बियाणंवाला विहिरीत बुडून मेलेला सापडतो.

डाळ निवडत ऐकणारी बायको थबकली. "अहो, विहिरीत पाणी कुठंय?"

मास्तरांचं तोंड एवढंसं झालं. सवयीनं हात लिहून गेला होता. ते खोडायला निघाले, तर तिनं हातच धरला.

"खोडताय काय? कोरड्या विहिरीत माणूस बुडून मेला! छातीत पाणी, अंगावर धूळ. असला झकास खून मी उभ्या जन्मात वाचला नाही."

"पण तो बुडाला कसा?"

"मला काय विचारता? लेखक तुम्ही!"

हां हां म्हणता गोष्ट गावभर झाली. रिकामी माणसं दुकानात जमू लागली, मास्तर लिहून होईल तसं वाचून दाखवू लागले. खरा बियाणंवाला पुढच्याच स्टुलावर बसायचा. "पहिल्या पानावरच मारलंत," तो कुरकुरला. "निदान चार पानं तरी जगू द्यायचं होतंत!"

माणूस बुडवण्याइतकं पाणी गावात आहे कुणाकडे, याचीच जिकडेतिकडे चर्चा. लोक एकमेकांच्या परसात डोकावू लागले. एक दिवस हॉटेलवाला तणतणत दुकानात शिरला. देह असा की दारातून आडवंच यावं लागे.

"मास्तर, माझा गुलाब हिरवा आहे म्हणून सगळा गाव मला खुनी म्हणतोय! अहो, मी परातीत बसून अंघोळ करतो आणि तेच पाणी त्याला घालतो. परातीत!"

ती परात सगळ्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली आणि दुकान हसून लोळलं. शेवटी तोही हसला.

हसू ठीक, पण खुनी कोण ते मास्तरांनाच ठाऊक नव्हतं. गाडं रुतलं. बायकोनं एका दुपारी चहाचा कप पुढे ठेवला आणि विचारलं, "कुणाच्या टाकीत किती पाणी उरलंय, हे गावात नेमकं कोण सांगेल?"

"पंपवाला," मास्तर बोलून गेले आणि चमकले. "म्हणजे मी?"

"तुम्ही नाही हो. पुस्तकातला."

पण पुस्तकातला पंपवाला मास्तरांनी अगदी देवमाणूस रंगवला होता. आपलंच नाक, आपल्याच मिशा. ते बायकोशी चार दिवस जेवणापुरतंच बोलले. मग वाटलं, गाव ज्याच्यावर डोळे मिटून भरवसा टाकतं, त्याच्यावर संशय घेणार तरी कोण? आणि पेन सुसाट सुटलं. पंपवाल्यानं जमिनीखालची, गाव विसरलेली भरली टाकी गुपचूप शोधलेली, बियाणंवाल्यानं ते पाहिलेलं, टाकीच्या काठावरच झटापट होऊन तो तिच्यात बुडालेला. आणि मग प्रेत विहिरीत.

शेवटचं पान वाचून झालं. बियाणंवाला हळूच उठला. "मास्तर, तुम्ही असे निघाल असं वाटलं नव्हतं हो!" आणि त्यानंच पहिली टाळी वाजवली.

गावच्या छापखान्यानं पुस्तक छापलं. मास्तरांना लोक "काय खुनी, बरंय ना?" म्हणून हाका मारू लागले आणि ते मिशीवर हात फिरवून "सध्या तरी!" म्हणू लागले. पुढं विहिरींना पाणी आलं, जळक्या मोटारी आल्या, पण मोटार टाकून कुणी निघेना. प्रत्येकाला पुढच्या पुस्तकात मरायचं होतं, तेही ऐटीत.

पिठाच्या गिरणीवाल्या आजी तेवढ्या वेगळ्या निघाल्या. स्टूल ओढून जवळ बसल्या आणि कानाशी कुजबुजल्या, "मास्तर, मला मारू नकोस बाबा. मला मारू दे. नणंद कधीची डोक्यात आहे माझ्या."