मानांग तिबांगच्या चाळीस शाली

आमच्या सेवा क्लबच्या अहवालांत मानांग तिबांगचं नाव कुठेही सापडणार नाही. बावीस वर्षं ते अहवाल मीच लिहिते आहे, तेव्हा शोधायची तसदी घेऊ नका. फोटोंत मात्र ती जिथे तिथे आहे. म्हणजे ती नाही, तिचं विणकाम. व्हाइस गव्हर्नरच्या गळ्यात, बिशपच्या गळ्यात, जपानहून आलेल्या पाहुण्यांच्या गळ्यात जी लाल-पिवळ्या पट्ट्यांची शाल दिसते, ती तिची.

खरं नाव प्रिमितिवा नुफाब्ले. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला मानांग, म्हणजे ताई, म्हणायची. मी तिच्या मुलीला पाचवीत शिकवलं, म्हणून ती मला मॅम म्हणायची. घर चर्चच्या मागे, समुद्राकडे जाणाऱ्या वाटेवर, खांबांवर उभं. वर झोपायचं, खाली माग. नवरा एके दिवशी होडी घेऊन गेला तो परत आलाच नाही. बुडाला वगैरे नाही. पलावान बेटावर दुसरा संसार थाटला. "वाऱ्यावर विश्वास ठेवावा, नावाड्यावर नाही," एवढंच ती म्हणाली आणि धोटा फेकायला लागली. त्याच मागावर तिने आर्लीनला वाढवलं, शिकवलं, दूर काविते शहरात कारखान्यात नोकरीला पाठवलं.

गोड बोलणं तिला जमायचं नाही. गिऱ्हाईक किमतीवरून घासाघीस करायला लागलं की म्हणायची, "स्वस्त हवंय? बाजारात प्लास्टिकचं आहे. ते बुडतही नाही." सूत हातात घेतलं की ओठांवरून फिरवायची आणि सांगायची, हे चांगलं, हे रद्दी. नजर गेली तेव्हा हेच ओठ कामी आले.

मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता. आमचा क्लब दर फेब्रुवारीत डोळ्यांचं शिबिर भरवतो. शहरातून डॉक्टर येतात, एका दिवसात साठ-सत्तर शस्त्रक्रिया करतात, सगळं फुकट. पैसा नोव्हेंबरातल्या नाचाच्या रात्रीतून येतो. तिकिटं, लॉटरी, पहिलं बक्षीस जिवंत डुक्कर. मानांग तिबांग दर वर्षी लॉटरीला एक चादर द्यायची आणि डुक्कर कुणाला लागलं याची चौकशी करायची.

मोतीबिंदू झाल्यावर पहिल्यांदा ती शिबिराला आली आणि तशीच परत गेली. रक्तदाब एकशे साठच्या वर असला की डॉक्टर हात लावत नाहीत, आणि हिचा भीतीनेच एकशे नव्वद. त्यावर आर्लीनने आईला फोनवर बजावलं, "नानाय, पुढच्या वर्षी डोळे झाले नाहीत तर मी ईस्टरच्या आठवड्यात येते आणि तुला घेऊन जाते. परवा पायरीवरून पडलीस, उद्या चुलीत पडशील."

"कावितेला मी काय करू? चौथ्या मजल्यावरून खाली थुंकत बसू?"

"माग विकायचा आणि यायचं."

आर्लीन चुकीचं बोलत नव्हती. पण त्या बाईला मागापासून तोडणं म्हणजे काय, हे मला दिसत होतं. म्हणून मी ठरवलं की पुढच्या फेब्रुवारीत काहीही झालं तरी हिचे डोळे करायचे. आरोग्य केंद्रातून गोळ्या सुरू करवल्या. दर शनिवारी मी यंत्र घेऊन जायची, तिच्या दंडाला पट्टा बांधायची. ती म्हणायची, "बांधा, बांधा. मी काय पळून जाणाराय?" वर्षभरात दाब एकशे तीसवर आला. मला तर पदक मिळाल्यासारखं वाटलं.

जानेवारीत आमचे अध्यक्ष रोमुलो मोन्सेरात तिच्या दारात उभे. सिमेंट-लोखंडाचं मोठं दुकान आहे त्यांचं. प्रेसिडेंट म्हणून क्लबमध्ये सगळे त्यांना प्रेस म्हणतात. "मानांग, शिबिराचं विसावं वर्ष आहे. पाहुणे पुष्कळ येणार. चाळीस शाली हव्यात."

"चाळीस? महिन्याभरात? प्रेस, मला धागा दिसत नाही, रंग लुर्देस सांगते." लुर्देस म्हणजे शेजारीण.

"डोळ्यांच्या शिबिरासाठीच आहे हो, मानांग."

तिने हातातलं सूत ओठांवरून फिरवलं. मग म्हणाली, "तर मग निम्मेच पैसे द्या."

आणि त्यांनी निम्मेच दिले. मी तिथेच उभी होते. बोटांनी धागे मोजत, लुर्देसला "हा लाल ना? नक्की?" विचारत तिने चाळीस शाली विणल्या. लुर्देसचा स्वतःचं जेवण करपवल्याशिवाय एक दिवस जात नाही. तिच्या भरवशावर रंग.

आता माझ्या कामगिरीकडे येते. डॉक्टरांनी रुग्णांसाठी पाच सूचनांचा कागद पाठवला होता. तो आपल्या भाषेत करून छापायचं काम माझं. छापायच्या आदल्या संध्याकाळी प्रेसचा फोन. "मॅम ओफे, बिस्किटवाल्यांचं चिन्ह राहिलंय. आणि बर्फाच्या कारखान्याचं."

"जागा नाही, प्रेस."

"करा हो जागा. बर्फवाले शंभर खुर्च्या देतायत."

कागद एकच पाठपोट होता. मागे शिबिराचा नकाशा, पुढे अकरा देणगीदारांची चिन्हं आणि मध्ये सूचना. छत्तीस वर्षं मुलांच्या निबंधांतला फापटपसारा कापलेली बाई मी. लाल पेन घेतलं. चौथी सूचना: रात्री बारानंतर काही खाऊ-पिऊ नये. पाचवी: रक्तदाबाची गोळी मात्र नेहमीप्रमाणे घोटभर पाण्याबरोबर घ्यावी. मला वाटलं, हे काय सांगायला हवं? पाचवी कापली, आणि चौथी सुटसुटीत केली: "रात्री बारानंतर तोंडात काहीही घालायचं नाही." बिस्किटवाले बसले. बर्फवालेही बसले.

शिबिराच्या दिवशी सकाळी सहालाच लोक मैदानावरच्या छपराखाली येऊन बसले. सातला सुरुवात होती. पण फीत व्हाइस गव्हर्नरांनी कापायची होती, आणि ते आले पावणेदहाला. तोवर ब्याऐंशी म्हातारी माणसं रिकाम्या पोटी, पत्र्याखाली, घामाने निथळत. व्यासपीठावर कॉफी आणि तांदळाचे केक. मग प्रार्थना, राष्ट्रगीत, क्लबचं गीत, चार भाषणं. मग एकेकाच्या गळ्यात शाल. प्रत्येक शालीला टाळ्या. मानांग तिबांग तिसऱ्या रांगेत बसली होती. टाळ्या झाल्या की विचारायची, "ही कुणाला?" मी नाव सांगायची. "बरं," ती म्हणायची, आणि रुमालाने मान पुसायची.

साडेअकराला तिचा नंबर आला. तरुण डॉक्टरीणबाईंनी पट्टा बांधला. एकशे चौऱ्याण्णव.

"लोला, सकाळची गोळी घेतलीत ना?" आमच्याकडे आजीला लोला म्हणतात.

"नाही, डॉक्टर."

"का बरं?"

तिने ब्लाउजमधून घडी केलेला कागद काढून त्यांच्या हातात दिला. "तोंडात काहीही घालायचं नाही. लिहिलंय की."

डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला. उलटून वाचला. पुन्हा सुलटा केला. मग माझ्याकडे पाहिलं, कारण यादी माझ्या हातात होती आणि कागदाच्या तळाशी माझं नाव. "आमची पाचवी सूचना कुठे गेली?"

मी काय सांगणार? बिस्किटाच्या पुड्याखाली?

त्यांनी तिला तिथेच गोळी दिली, पंख्याखाली आडवं केलं. एक वाजता एकशे ब्याऐंशी. अडीचला एकशे एकाहत्तर. मी तिचा हात धरून बसले होते आणि मनात त्या आकड्याला शिव्या घालत होते. ती म्हणाली, "मॅम, तुम्ही हात इतका दाबू नका, त्यानेच चढत असेल." चारला एकशे चौसष्ट. चारलाच डॉक्टरांनी सामान आवरलं. अंधारायच्या आत त्यांना शहर गाठायचं होतं, आणि दिवसभर उभं राहून त्यांचेही पाय सुजले होते. त्यांना काय बोलू? एकोणीस जण त्या दिवशी तसेच घरी गेले. पावणेदहाऐवजी सातला सुरू झालं असतं तर कदाचित दहाच गेले असते. पाचवी ओळ असती तर आणखी कमी.

पुढच्या गुरुवारी क्लबची सभा. माझ्या अहवालात प्रेसनी एक वाक्य आधीच सुचवून ठेवलं होतं: "त्रेसष्ट शस्त्रक्रिया यशस्वी." एकोणिसांचं काय, विचारलं तर म्हणाले, "ते वैद्यकीय कारण, मॅम. आपल्या अखत्यारीत नाही." मी उभी राहिले आणि सरळ सांगून टाकलं. सूचना मी कापली, चिन्हांसाठी कापली, कार्यक्रम तीन तास उशिरा सुरू झाला, आणि त्यामुळे एकोणीस माणसं आंधळी ती आंधळीच राहिली.

क्षणभर शांत झालं. पण आमच्या क्लबात एक प्रथा आहे. कुणी उशिरा आलं, कुणाला नातू झाला, कुणी टाय विसरला, की दंडवाला घंटा वाजवतो आणि डब्यात पैसे टाकायला लावतो. सगळं हसतखेळत, चांगल्या कामासाठी. दंडवाला होता नेस्तोर, औषधांच्या दुकानाचा मालक. त्याला ती शांतता सोसवेना. त्याने घंटा बडवली. "मॅम ओफेनी स्वतःहून कबुली दिली! चक्क शिक्षकाची चूक! पन्नास पेसो!"

"शंभर!" मागून कुणीतरी ओरडलं. "व्याकरणाची असती तर पाचशे!"

सगळे हसले. नेस्तोर डबा घेऊन माझ्यापुढे आला, आणि माझा हात पर्सकडे गेला. हे मला अजून खुपतं. मी पन्नास टाकले, खाली बसले, आणि सूप आलं.

दुसऱ्या दिवशी मी मानांगकडे गेले. ती मागाच्या फळीवर बसली होती, माग रिकामा. मी सगळं सांगितलं. चिन्हांसकट.

ती म्हणाली, "माहीत आहे मला. लुर्देसने घेतली होती तिची गोळी. तिचा डोळा झाला. मला पहाटे म्हणत होती, घे ग, एवढीशी गोळी, पोटात कुणाला दिसणाराय?"

"मग घ्यायची होती ना, मानांग!"

"तुम्ही लिहिलं होतं ना." तिने माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. "डॉक्टरने लिहिलं असतं तर घेतली असती. प्रेसने लिहिलं असतं तर दोन घेतल्या असत्या. पण मॅमनी लिहिलंय, 'काहीही नाही', म्हणजे काहीही नाही."

मी म्हटलं, शहरात नेते, माझ्या पेन्शनमधून करू. ती म्हणाली, "आर्लीनशी बोला. आता मी तिच्या ताब्यात." आर्लीनशी बोलले. ती रडत नव्हती, ओरडतही नव्हती. त्याने जास्त लागलं. "मॅम, दोन वर्षं तुमच्या क्लबवर थांबलो. आता माझं मला करू द्या." गुड फ्रायडेनंतर तिने आईला नेलं. माग तेवढा विकला नाही. मानांगने त्याच्या खांबाला मिठी मारली आणि आर्लीनने विषय सोडला.

जुलैत कावितेला तिचा डावा डोळा झाला. उजवा फार पिकून आतला दाब वाढला होता. तो गेला. फेब्रुवारीत वाचला असता का? तिथल्या डॉक्टरांना मी फोन करून विचारलं. "सांगता येत नाही," म्हणाले. त्यांनी 'नाही' म्हणायला हवं होतं, असं मला उगाच वाटत राहिलं.

ऑगस्टमध्ये एका दुपारी तिचा फोन आला. ना ख्यालीखुशाली, ना काही.

"मॅम, आर्लीनच्या मोबाइलवर शिबिराचे फोटो पाहिले. मोठे करून पाहिले. तिसऱ्या पट्टीत लालच्या जागी नारिंगी आहे. सगळ्या तशाच?"

माझी शाल खुर्चीवर होती. मी उचलून पाहिली. नारिंगी. सहा महिने ती मी गळ्यात घालून हिंडत होते. "हो, मानांग. तशीच आहे."

"मुलांच्या वहीतला स्वल्पविराम पकडायचात तुम्ही! कुणी सांगितलं कसं नाही? चाळीस बड्या लोकांच्या गळ्यात माझी चूक टांगली आणि टाळ्या वाजवल्या!"

"मानांग, कुणाच्या लक्षातच..."

"ते तर आणखी वाईट. पाठवा सगळ्या माझ्याकडे."

"तिथे माग नाही. काय करणार?"

"उसवते. सूत चांगलं आहे."

म्हणून मी शाली गोळा करत फिरले. प्रेस शाल उजेडात धरून म्हणाले, "चूक आहे कुठे? मला तर छानच दिसते." नेस्तोरने विचारलं, यावर दंड कुणाला लावायचा? मी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्याने शालीबरोबर इस्त्रीचे पैसेही देऊ केले. बिशपांनी मुकाट्याने दिली. पार्सल गेलं तसा आर्लीनचा तक्रारीचा फोन आला: "मॅम, नानाय दिवसभर खिडकीत बसून एका डोळ्याने उसवते. खोलीभर सूत. मला पाय ठेवायला जागा नाही. आणि गावाला परत यायचं म्हणते. मी सोडणार नाही, सांगून ठेवते."

मागून आवाज आला, "मॅमना विचार, मागावर शेळ्या चढतात का?"

चढतात. मी शनिवारी जाते, मागावर झाकलेलं गोणपाट नीट करते, त्याच्या फणीचा गंज रॉकेलने पुसते. पुढच्या शिबिराचा कागद लिहून ठेवलाय. गोळीची सूचना पहिली, ठळक. चिन्हं मागच्या बाजूला. प्रेस कुरकुरले. कुरकुरू देत.

काल तिने पुन्हा विचारलं, किती राहिल्या? एकच, व्हाइस गव्हर्नरांची. "ती पण आणा," म्हणाली. त्यांच्या कचेरीत मी दोनदा जाऊन आले. साहेब दौऱ्यावर आहेत, शाल कुठे आहे कुणाला ठाऊक नाही, आणि एका पोराने मला विचारलं, "लोला, एवढ्या एका शालीसाठी?" उद्या सकाळी सातला जाऊन दारात बसते. डबा घेऊन जाईन, आणि माझी रक्तदाबाची गोळीही घेऊन.