हुस्नाबीची बेबीबाई

दारव्ह्यात साडीला फॉल लावून हवा असेल तर हुस्नाबीकडे जावं. घाई असेल तर मात्र जाऊ नये. ती आधी बसवते, चहा पाजते आणि अर्धा तास गोष्ट सांगते. साडी तोवर टेबलावर तशीच पडलेली असते. मी वीस वर्षांपासून जाते आहे आणि गोष्ट संपायच्या आत मला एकदाही उठता आलेलं नाही.

शिलाईच्या दुकानाआधी तिथे व्हिडिओ हॉल होता. हुस्नाबीचे मिस्टर वाहिदभाई टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे. नव्वद साली त्यांनी एक टीव्ही, एक व्हीसीआर आणि चाळीस खुर्च्या घेतल्या. वाहिदभाई मशीन बघायचे, हुस्नाबी दारात तिकिटं फाडायची. बाजाराच्या दिवशी दुपारी फक्त बायांचा शो असे. खेड्यांतून आलेल्या बायांचा बाजार बारापर्यंत आटोपायचा आणि गावाकडची जीप भरायला चार वाजायचे. हॉलमध्ये कूलर होता. सिनेमा असो नसो, कूलरसाठी बाया यायच्या.

एका बाजारी हिंदी सिनेमाची कॅसेट मशीनमध्ये अडकली. वाहिदभाईंनी घाईत दुसरी लावली. ती नागपूरहून जुन्या कॅसेटींच्या गठ्ठ्यात आली होती, इंग्रजी. पडद्यावर एक काळी, उंच बाई आली. केस छत्रीएवढे, पायात घोळदार पॅन्ट. आल्या आल्या तिने टोपीवाल्या खलनायकाच्या एका माणसाला लाथ मारून काचेतून बाहेर टाकलं.

बाया एकदम सरळ बसल्या. पण बोलणं कोणालाच कळेना.

"अवो तिकीटवाली, हे काय बडबडून राह्यले? आमाले सांग ना!" चिखलीची शेतमजूर शकुबाई ओरडली. "पैसे दिले ना आमी!"

इंग्रजी हुस्नाबीलाही येत नव्हतं. पण तिकिटाचे पैसे परत द्यायचे नव्हते. ती घरी शिवणकामही करायची; कापड मोजायचा लाकडी गज दारातच ठेवलेला होता, तो घेऊन ती टीव्हीशेजारी उभी राहिली आणि गजाने दाखवत सांगू लागली.

"हिचं नाव काय व?" पहिलाच प्रश्न आला.

सिनेमात जो तो तिला 'बेबी' म्हणत होता. आपल्याकडे घरटी एक बेबी असतेच. हुस्नाबी म्हणाली, "बेबीबाई."

पुढे पंचाईत झाली. बेबीबाई स्वतःच एका मिशीवाल्याला 'बेबी' म्हणाली.

"तो बी बेबी?"

"नाई, ती सोताचं नाव सांगून राह्यली त्याले. नवीन हाय ना तो."

मग पांढऱ्या भुकटीची पाकिटं आली. टोपीवाला ती गाडीतून उतरवत होता, लपवत होता, त्यापायी माणसं मारत होता. एवढ्या चोरून विकावी अशी पांढरी वस्तू कोणती? हुस्नाबीने त्या वर्षी बाजारात सगळ्यांच्या तोंडी एकच विषय ऐकला होता. तिने गज आपटला. "युरिया! बोगस युरिया विकते हा मुडदा! बेबीबाईच्या भावाची पऱ्हाटी जळाली यानं!"

"वावर कुठी हाय पण?" कोणीतरी विचारलं. पडद्यावर चहूकडे दहा-दहा मजली इमारती होत्या.

"इमारतीच्या मांगं हाय. दिसत नाई."

बेबीबाईने चाकूने पाकीट फोडलं, बोटावर भुकटी घेतली, जिभेला लावली आणि तोंड वाकडं केलं. हुस्नाबी गरजली, "मीठ हाय! मीठ!" मग जी मारामारी झाली, तिला अख्खा हॉल खुर्च्यांवर उभा होता.

ती कॅसेट पुढे सहा वर्षं चालली. दुसऱ्या कॅसेटी आल्या नि गेल्या, पण बायांना बेबीबाईच हवी असायची. सिनेमा कमी पैशांत उरकलेला आहे, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. एकच निळी गाडी दोनदा जळते. मेलेल्या गुंडाचं पोट खालीवर होतं. धक्का लागला की भिंत हलते. हुस्नाबी यातलं काहीच सोडायची नाही. "पाहा, भिंत बी भेली बेबीबाईले!" बाया हसून हसून पदर तोंडात धरायच्या. मला वाटतं, महागड्या सिनेमात सगळं इतकं बिनचूक असतं की आपल्याला मध्ये तोंड घालायला जागाच उरत नाही. बेबीबाईच्या सिनेमाला पदोपदी भोकं होती आणि प्रत्येक भोकातून दारव्हा तालुका आत शिरत होता.

आणखीही एक गोष्ट होती. शकुबाई आता बाजारात भाजी विकते; पाटीतल्या वांग्यांवर पाणी शिंपडता शिंपडता तिने मला ती सांगितली. "मले पाहाले आले तवा म्हणे, रंग सोडला तं पोरगी चांगली हाय. जल्मभर तेच आयकलं. आन् इथं पाह्यतो तं काय, काळी कुळकुळीत बाई, आन् गाडी तिची, बंदूक तिची, आन् सारे तिलेच भेतात! मी तं त्या दिवशी जीपमंधी पुढच्या शिटावर जाऊन बसली. डायवर काही बोललाच नाई."

केबल आली, मग मोबाइल आले. हॉल बंद पडला. कॅसेटला बुरशी लागली. वाहिदभाईंच्या कानांनी दगा दिला. गज तेवढा शिलाई मशीनवर राहिला.

मागच्या फेब्रुवारीत हुस्नाबीची नात आरजू कॉलेजच्या सुट्टीत घरी आली. ती मोबाइलवर काहीतरी बघत होती आणि हुस्नाबी आत पोळ्या करत होती. गाण्याचा ठेका ऐकला नि ती लाटणं घेऊनच बाहेर आली. "ये तो बेबीबाई है!"

तोच सिनेमा. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचे स्वस्तातले मारधाडीचे सिनेमे एके काळी खूप निघाले, त्यांतला तो होता. खाली बोलण्याची ओळ हिंदीत लिहून येत होती. आरजूने वाचून दाखवली आणि मग हळूच म्हणाली, "दादी, वो युरिया नहीं है. नशे का पावडर है. भाई उसी से मरा. और उसका नाम बेबीबाई भी नहीं है."

आरजूला सिनेमा सापडल्याचं ऐकून मी त्याच आठवड्यात गेले होते. महिला दिनाला आमच्या मंडळात भाषणाऐवजी बेबीबाई दाखवावी आणि हुस्नाबीने ती सांगावी, असं ठरवून गेले होते. तिने चहा दिला. गोष्ट सांगितली नाही. साडीला अर्ध्या तासात फॉल लावून ती हातात ठेवली. तेव्हाच मला कळलं, काहीतरी बिनसलंय.

"उज्ज्वलाताई, मी नाई येत. सहा वर्षं खोटं सांगतलं मी त्या बायाइले. उन्हातानात घाम गाळून कमावलेले पैसे घेतले आन् खोटं सांगतलं. आता त्याच बाया समोर बसतीन, पडद्यावर खरं लिहून येईन, आन् शकुबाईची नात तिले वाचून दाखवन. कोणत्या तोंडानं उभी राहू?"

मी पुष्कळ समजावलं. ती मशीन चालवत राहिली. शेवटी म्हणाली, "येईन. पण सिनेमा सांगाले नाई. माफी मांगाले."

आठ मार्चला समाजमंदिरात शंभरेक बाया होत्या. मंडळाच्या वीस-पंचवीस, बाकीच्या बाजाराच्या दिवसांतल्या, आता पिकल्या केसांच्या, लेकी-सुना-नाती घेऊन आलेल्या. वाहिदभाई स्पीकरच्या वायरी जोडत होते. आरजूने भिंतीवर पांढरी चादर लावली. हुस्नाबी ठेवणीतला सलवार-कमीज घालून आली. हातात गज होता, पण काठीसारखा टेकवलेला.

ती पुढे उभी राहिली. माइक नको म्हणाली.

"बायाहो, आधी आयकून घ्या. मी तुमाले फसवलं. ते युरिया नव्हतं. नशेचं पावडर होतं. मले इंग्रजी येत नव्हतं, मी मनानं लावलं. बेबीबाई हे नाव बी माह्यंच. तुमी मले खोटारडी म्हना, मी आयकून घेतो."

पंखा करकरत होता. मग तिसऱ्या रांगेतून शकुबाई उठली, गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश.

"हुस्नाबी, तू कधी वावरात गेली काय व?"

"नाई."

"थे दिसतेच. युरिया साबुदाण्यावानी दाणेदार रायते, माय. पिठावानी नाई. आन् कोणी त्याले चाटून पाहाते काय? आमी जल्मभर खत टाकलं, आमाले नाई समजत? पह्यल्याच दिवशी समजलं, या तिकीटवालीले काही मालूम नाई म्हणून!"

हॉलभर खसखस पिकली. मागून एक म्हातारी म्हणाली, "जीपमंधी रोज हसो आमी. इमारतीच्या मांगं वावर, म्हणे!"

हुस्नाबी दोन पावलं पुढे आली. "मंग बोलल्या काहून नाई?"

"कायले बोलू? तू सांगनं बंद केलं असतं ना," शकुबाई म्हणाली. "त्या टोपीवाल्याचं खरं काय हाय, त्याच्याशी आमाले काय करायचं? आमच्या गावच्या टोपीवाल्याले कोणी लाथ मारत नव्हतं. तुह्या सिनेमात रोज खाये. आता सांगतं का जाऊ? चार वाजता जीप हाय माही."

हुस्नाबीने ओढणीने डोळे पुसले. मग ओढणी कमरेला खोचली. आरजूने कोणी न सांगता खालच्या हिंदी ओळी बंद केल्या.

ठेका सुरू झाला. छत्रीएवढे केस भिंतीवर आले आणि सत्तरीला टेकलेल्या त्या बाईचा आवाज असा चढला की ऐकू न येणारे वाहिदभाईसुद्धा वळून बघायला लागले. भिंत भेली. मेलेला गुंड श्वास घेत राहिला. निळी गाडी दुसऱ्यांदा जळाली तेव्हा आमच्या अध्यक्षबाई खुर्चीवर चढल्या होत्या. पाकीट फुटलं, बेबीबाईचं बोट जिभेकडे गेलं आणि हुस्नाबीने तोंड उघडायच्या आत शंभर बाया ओरडल्या, "मीठ हाय! मीठ!"

मग सुरू झालेल्या मारामारीतल्या पहिल्या लाथेला हुस्नाबीने टेबलावर गज इतक्या जोरात हाणला की त्याचे दोन तुकडे झाले. ती थांबली नाही. हातातला अर्धा परजत तिने टोपीवाल्याला शेवटच्या काचेतून बाहेर घातलं.

नवा गज घ्यायला ती अजून तयार नाही. अर्ध्यानेच मोजते, एका फॉलला दुप्पट वेळा. त्यामुळे आता उशीर आणखीच होतो.