तळेगावच्या घाटात जाम झालेलं इंजिन

आमच्या पहिल्या ट्रकचं इंजिन तळेगावच्या घाटात जाम झालं, ते माझ्यामुळे. सेलूच्या स्टँडवरचे ट्रकवाले इतकी वर्षं समजत आले की सुधाकरभाऊ मिस्त्रींनीच ते चुकीचं बांधलं होतं. हा समज मी पसरवला. सुधाकरभाऊ गेल्या महिन्यात गेले. सेलूला कापसाच्या गाडीवर ताडपत्री बांधत होतो, तेव्हा त्यांच्या पुतण्याचा फोन आला. छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं... दोर हातात धरून मी तसाच उभा राहिलो. दुःख झालंच, पण त्याच्याही आधी मनात आलं, 'आता राहूनच गेलं.'

सावंगीच्या पुढे रस्त्यालगत भाऊंचं गॅरेज होतं. ट्रकचं इंजिन थकलं, ऑइल प्यायला आणि निळा धूर ओकायला लागलं की मालकापुढे दोनच वाटा असतात. ते उघडून पुन्हा बांधायचं, नाहीतर भंगारात देऊन दुसरं बसवायचं. मालक बायकोला विचारतो, मेव्हण्याला विचारतो, तरी त्याचं ठरत नाही. भाऊ मात्र गरम इंजिनावरचं ऑइलचं झाकण काढून वाफेवर तळहात धरायचे, चार लोक बघताहेत याची खात्री करून डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे. माणूस मोठा नाटकी. स्वतःची स्तुती स्वतःच करायचे, आणि कोणी दुसऱ्या मिस्त्रीचं नाव काढलं की म्हणायचे, 'ने त्याच्याकडं, स्कूटर चांगली करते तो.' पण त्यांनी 'बांधू' म्हटलेलं इंजिन पुढे वर्षानुवर्षं चालायचं.

बांधलेल्या इंजिनात पिस्टनवरच्या नव्या रिंगा रुळेपर्यंत गाडी हलकी आणि हळू चालवावी लागते. मालकांच्या ते जिवावर येतं. म्हणून भाऊंनी एक रीतच पाडली होती. पहिली फेरी त्यांच्या मोहल्ल्यातल्या बायकांना घेऊन धाम नदीवर. भाकरी, झुणका, ठेचा बांधून घेऊन बायका मागे सतरंजीवर बसायच्या. बायकाच कशाला, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "तुरीचं पोतं बोलते का बे? ह्या बोलतात. जरा पाय दाबला का मांगून शिव्या पडतात."

माझ्या पहिल्या ट्रकच्या इंजिनावर तसाच हात धरून त्यांनी 'ब्लॉक जिवंत हाये, बांधू' असं सांगितलं, आणि बांधलंही. आम्ही नदीवर गेलो. नाल्यावरच्या एका ठेंगण्या पुलावर, रपट्यावर, मी गाडी जरा जोरात घातली, तर वहिनींनी, म्हणजे भाऊंच्या बायकोनं, घरी पोचेपर्यंत माझा उद्धार केला. परत आल्यावर भाऊंनी बजावलं, की मी सांगेपर्यंत लोड भरायचा नाही. मी मान डोलावली. पण कापसाचा हंगाम होता. सेलूच्या एका जिनिंगमधून रुईच्या गाठींची लांबची फेरी आली, आणि मी गाडी गच्च भरली. तळेगावच्या घाटात, अर्ध्या चढावर, इंजिन धडधडलं आणि थांबलं ते थांबलंच. काय झालं ते मला त्याच क्षणी कळलं होतं. त्यानंतर जे केलं ते मात्र घाबरून नाही, विचार करून केलं. आधी दुसरा ट्रक बोलावून सगळ्या गाठी त्यात चढवल्या, आणि मग भाऊंना फोन लावला.

हत्यारांची पिशवी घेऊन भाऊ एसटीनं आले. रिकाम्या गाडीभोवती एक फेरी मारली. "लोड होता का?"

"नाई भाऊ. आष्टीले संत्र्याचं भाडं पाहाले चाललो होतो."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मी त्यांच्या घरी जेवलेला माणूस. इंजिन उघडलं तेव्हा पिस्टनवर उभे ओरखडे होते. लवकर लोड पडला तरी असे ओरखडे येतात, आणि पिस्टन घट्ट बसवला गेला असेल तरीही येतात. "मायाकडूनच टाइट बसलं असन," भाऊ हळूच म्हणाले. मी ऐकून घेतलं. नंतर स्टँडवर ज्यानं विचारलं त्याला सांगत गेलो, मिस्त्रीचा हात चुकला.

लोक बोलले, ते विसरताही आलं असतं. पण भाऊ स्वतःच ते खरं मानून बसले. पुढे कोणी धूर टाकणारी गाडी घेऊन आलं की ते झाकणाला हातही लावत नसत. बदलून टाक, एवढंच म्हणत. बांधण्यासारखी कितीतरी इंजिनं त्यांच्या दारातून भंगारात गेली. बढाया थांबल्या. बायका विचारायच्या, भाऊ, नदीवर कधी जायचं... आणि ते पाना पुसत बसायचे.

यंदा माझा दुसरा ट्रक धूर ओकायला लागला. नवं इंजिन बसव, असं सगळेच म्हणत होते. मी भाऊंकडे गेलो. ते स्टुलावरून उठले नाहीत. बदलून टाक म्हणाले. मी म्हटलं, एकदा हात तर धरून पाहा.

"पयलं तुयंच बांधलं होतं ना? काय झालं घाटात?"

मग मी सगळं सांगितलं. गाठी, त्या हलवायला बोलावलेला ट्रक, आष्टीची थाप, सगळं. भाऊंनी खालचा पाना उचलला, तेव्हा वाटलं आता डोक्यात घालतात. घातला असता तरी चाललं असतं.

"इतके वर्ष मी मायाच हाताले शिव्या देऊन राह्यलो बे," ते म्हणाले. मग पाना खाली ठेवून, "जे स्टँडवर बोलला, ते चार लोकांत स्टँडवरच वापस घेजो. मंग माफ करीन."

मी 'उद्याच' म्हणालो. ते उठले, गाडी सुरू करायला लावली, ती तापल्यावर झाकण काढलं, तळहात धरला. सवयीनं आजूबाजूला पाहिलं. बघायला मी एकटाच होतो. तरी डोळे मिटलेच. "बांधतो," म्हणाले.

ते इंजिन आज माझ्या ट्रकमध्ये आहे आणि उत्तम चालतं. भाऊंनी सांगेपर्यंत या वेळी मी एक पोतंही चढवलं नाही. नदीवर गेलो तेव्हा भाऊ केबिनमध्ये बसून जाताना-येताना स्वतःच्या हाताचं कौतुक करत होते, आणि मागून वहिनी ओरडत होत्या की ड्रायव्हरला गाडी चालवू द्या. त्यांच्यानंतरही त्यांनी बांधलेली इंजिनं या रस्त्यावर दिसत राहतील, यात मला शंका नाही.

पण स्टँडवर मी बोललो नाही. ही फेरी झाली की, हंगाम संपला की, असं करत राहिलो. भाऊंनी एकदाच टोचलं, "स्टँड लय दूर पडते का रे तुले?" मी हसून वेळ मारून नेली.

बुद्धविहाराच्या अंगणात भाऊंच्या पुण्यानुमोदनाचा, श्रद्धांजलीचा कार्यक्रम झाला. स्टँडवरचे झाडून सगळे ट्रकवाले आले होते. वंदना झाल्यावर एकेक जण बोलायला उठला. एक जुने मालक अगदी प्रेमानं म्हणाले, की भाऊंचा हात आयुष्यात एकदाच चुकला, तळेगावच्या घाटात. वहिनींनी मान खाली घातली. त्यांनाही भाऊंनी काही सांगितलेलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

मी उठलो. माइक नको म्हणालो.

"ते इंजिन भाऊनं बरोबर बांधलं होतं. लोड भरू नोको म्हणून सांगतलं होतं, मी गाठी भरून घाटात घातलं. गाठी दुसऱ्या गाडीत टाकून भाऊले खोटं सांगतलं, अन् तुमालेही. भाऊचा हात चुकला नाई. वैनी, मले माफ करा. भाऊ... हे तुमच्यासमोर स्टँडवर बोलाचं होतं. नाई बोललो. माफ करा."