पडद्याचं नको, खिडकीचं माप

आमची धाकटी जाऊ बायकांना गाडी चालवायला शिकवते. या कामाला घरातून कुणाचाच होकार नव्हता, माझा तर नव्हताच, पण तिने कुणाला विचारलंही नव्हतं. ती लग्न होऊन आली तेव्हा मी या घरात सहा वर्षं काढली होती. त्या सहा वर्षांत मला जे जमलं नाही ते तिने पहिल्याच आठवड्यात केलं. सगळ्यांबरोबर स्वतःचंही ताट वाढून घेतलं आणि गरम गरम जेवायला बसली. मी वाढायला उभी, ती जेवते आहे, आणि कुणी काही बोललं नाही. माझ्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून. खोटं कशाला बोलू.

तिची गाडी पांढरी, छोटी, टपावर पाटी. शिकाऊ बाईच्या शेजारच्या सीटपुढे आणखी एक ब्रेक असतो, तो धाकटीच्या पायाखाली. शिकणारी चुकली की धाकटी तो दाबते. वीस वर्षं दाबते आहे. त्याची तिच्या उजव्या पायाला खोडच लागली आहे. टीव्ही बघताना, भाजी निवडताना, दवाखान्यात नंबरची वाट बघताना तो पाय मधेच जमिनीवर दाबला जातो. भाऊजी, म्हणजे तिचा नवरा, सगळ्यांसमोर मला सांगत असतात, "वहिनी, ही झोपेतसुद्धा ब्रेक मारते. एक दिवस मी पलंगावरून समोरच्या कपाटावर जाऊन आदळणार." सगळे हसतात आणि सगळ्यात जास्त धाकटी हसते. स्वतःवर असं हसता येणं मला कधी जमलं नाही. तेही डोळ्यात खुपतं.

मी पडदे शिवते. पडद्याच्या कापडाचं दुकान आहे, त्याच्या मागच्या खोलीत माझं मशीन, कापायचं लांब टेबल आणि मी. पुढे गिऱ्हाइकं नवीन घराच्या गोष्टी करतात. किती खोल्या, कुठल्या दिशेचा वारा. मी मागे मान खाली घालून ऐकते आणि चुण्या घालते. फोनवर माप सांगणाऱ्या प्रत्येकाला माझं पहिलं वाक्य ठरलेलं: "पडद्याचं नको, खिडकीचं माप सांगा." कारण माणसं हटकून जुना पडदा मोजून मोकळी होतात. जुना पडदा आटलेला असतो, नाही तर आधीच्या शिवणाऱ्याने चुकवलेला असतो. खिडकी आटत नाही.

मागच्या वर्षी एका रविवारी धाकटी आणि भाऊजी आमच्याकडे आले. आता आम्ही वेगवेगळे राहतो, तिचं घर दोन गल्ल्या सोडून. बसल्या बसल्या ती म्हणाली, "परदेशात घर घेतोय आम्ही. सुट्टीचं."

मी चहा गाळत होते. थोडा बाहेर सांडला.

"इथलं काय उडून चाललंय?" मी विचारलं.

"इथल्या घरातून काय दिसतं वहिनी? समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे."

"धुतलेले असतात ना?"

हे हसले. हे म्हणजे आमचे. त्यांना माझं बोलणं टोमणा आहे हे अठ्ठावीस वर्षांत एकदाही कळलेलं नाही. त्यामुळेच आमचं बरं चाललंय.

धाकटी सांगायला लागली. समुद्राकाठचं लहानसं गाव, दोन खोल्या, तिकडे घरं इथल्यापेक्षा स्वस्त. वर्षातून वीस दिवस जाऊन राहायचं. "मला एक मोठी खिडकी पाहिजे," ती म्हणाली. "तिच्यासमोर खुर्ची टाकून बसायचं. आणि समोर काही म्हणजे काही आडवं येता कामा नये. सायकल नाही, कुत्रं नाही, रिव्हर्स घेणारा टेम्पो नाही. नुसता समुद्र. तो आपल्या जागेवर असतो."

हे बोलताना तिचा पाय दोनदा दाबला गेला. माझं लक्ष तिथेच होतं.

मग तिने पिशवीतून छापलेले कागद काढले. परदेशात घर घेण्याआधी काय काय बघावं, याचा सल्ला. कुठून तरी काढून आणलेला. यांनी चष्मा लावून मोठ्याने वाचायला घेतला. पाणी बारा महिने येतं का. दवाखाना किती लांब. बाहेरच्या देशातल्या माणसाच्या नावावर घर होतं का, की नुसतं राहायला मिळतं. आपण नसताना किल्ली कुणाकडे. पुढेमागे विकायचं झालं तर घेणार कोण. असे अठरा मुद्दे होते आणि धाकटीने पेन्सिलीने एकेकासमोर खूण केली होती. वकिलाला विचारलं होतं, तिकडे राहणाऱ्या एका बाईला शोधून काढून तिच्याशीही बोलली होती. मी मनात म्हटलं, एखादा तरी राहू दे गं बाई.

एक राहिला होता. "घर स्वतःच्या डोळ्यांनी पाहा," यांनी वाचलं.

"त्याचीच पंचाईत आहे," भाऊजी म्हणाले. "दलाल म्हणतो, तुम्ही रजा काढून, तिकीट काढून येईपर्यंत दुसरा घेऊन जाईल. म्हणून त्याने सगळ्या घराचा व्हिडिओ पाठवलाय. येत्या गुरुवारी सही."

व्हिडिओ लावला. दार, स्वयंपाकघर, झोपायची खोली. मग पुढची खोली, समुद्राकडची. भिंतभर पातळ पांढरा पडदा, वरपासून जमिनीपर्यंत. मधोमध, छातीच्या वर वीतभर फट, खाली पडदा जुळलेला; फटीतून उजेड आणि निळं पाणी. हे म्हणाले, "वा." भाऊजी म्हणाले, "बघितलंत?" धाकटी नुसती बघत राहिली.

मी मात्र पडदा बघितला. मागे काच असली की पातळ कापड खालपर्यंत उजळतं. चुणीचुणीतून उजेड येतो, खालची दुमड, तिची शिलाईसुद्धा दिसते. इथे उजेड फक्त मधे होता, छातीच्या वर, परातीएवढा. दोन्ही बाजूंना आणि खाली कापड विझलेलं. मागे भिंत होती.

हे मला नाही कळणार तर कुणाला? ही युक्ती मीच शेकडो घरांत केली आहे. खिडकी लहान असली की दांडा भिंतभर लावायचा, पडदा जमिनीपर्यंत सोडायचा आणि मधे खिडकीपुरतीच थोडी फट ठेवायची. आल्यागेल्याला वाटतं, काय खिडकी आहे यांची. आमचे दुकानदार त्याला 'भिंत उघडणं' म्हणतात. गिऱ्हाईक खूश होतं. आपल्याच घरात आपलीच फसवणूक, त्यात वाईट काय. पण इथे घर विकायचं होतं.

मी बोलले नाही. तेव्हा बोलले असते तर सगळ्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं असतं आणि मनात म्हटलं असतं, सुरू झालं हिचं. हे एक कारण. दुसरं कारण संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना मला कळलं. हात जोडले आणि नेहमीसारखं सगळ्यांचं भलं कर म्हणायला गेले, तर धाकटीपाशी येऊन जीभ अडली. मी तिचं वाईट मागितलं नाही. पण तिला पुढे जाऊ देऊन मी नुसती बाजूला उभी होते, पुढे खड्डा आहे हे माहीत असून. दिवा लावून झाला, तरी मी तिथून उठले नाही. मग उठून भाकऱ्या थापल्या.

मंगळवारी धाकटी दुकानात आली. गल्ल्यावर न थांबता सरळ माझ्या खोलीत. "वहिनी, त्या खोलीला नवे पडदे तुम्हीच शिवायचे. तो पांढरा मला आवडला नाही, दवाखान्यासारखा दिसतो. दलालाकडून माप मागवलंय." तिने चिठ्ठी पुढे केली. बारा फूट बाय सात फूट.

मी चिठ्ठी वाचली आणि म्हटलं, "ठेव तिथे."

ती गेल्यावर मशीनवर बसले, तर पाय चालेना. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा मी पडद्याचं माप घेतलं होतं आणि समोरच्याला टोकलं नव्हतं. अनोळखी बायकांना टोकते. एकीला तर इतकं टोकलं होतं की ती दुसऱ्या दुकानात गेली. आणि घरच्या माणसाला 'ठेव तिथे'.

बुधवारी सकाळी कापड टेबलावर पसरलं. तिच्या आवडीचं, फिकट पिवळं. खडूने खूण केली. कात्री हातात घेतली आणि खाली ठेवली. दुकानदारांना म्हटलं, "तासाभरात येते." ते म्हणाले, "तब्येत बरी आहे ना?" रजा मागायची माझी पद्धत नाही.

धाकटी त्या वेळी मैदानात असते. चुन्याने आखलेली वळणं, जुने टायर, सिमेंटच्या बाकावर आपला नंबर यायची वाट बघणाऱ्या बायका. तिची गाडी झाडाखाली उभी होती. मी तिच्या बाजूचं दार उघडायला गेले तर म्हणाली, "तिकडून बसा, ही जागा माझी." म्हणून मी चालकाच्या जागेवर बसले, आयुष्यात पहिल्यांदा. हात कुठे ठेवायचे कळेना, मांडीवर ठेवले.

"त्या घराची खिडकी लहान आहे," मी म्हटलं.

"कुठल्या घराची?"

"तुझ्या. पडदा भिंतभर आहे, खिडकी नाही." मग उजेडाचं सांगितलं, चुण्यांचं सांगितलं. फोन काढायला लावला, व्हिडिओ थांबवून दाखवला.

ती बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "हे तुम्ही रविवारीच बघितलंत."

"हो."

"आज बुधवार आहे."

"हो."

"उद्या सही आहे वहिनी. तीन दिवस काय करत होतात?"

देवाला हात जोडत होते, असं सांगायची सोय नव्हती.

"तुम्हाला माझं काही बघवत नाही," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "मी आले त्या दिवसापासून. मला काय दिसत नाही? माझं कामच आहे बाजूला बसून बघायचं."

"नाही बघवत," मी म्हटलं. "पण खिडकी लहानच आहे."

तिचा पाय दाबला गेला. गाडी बंद होती, तरी मला धक्का बसल्यासारखं वाटलं.

तिने तिथूनच दलालाला निरोप पाठवला, खिडकीचं माप कळवा. पाच मिनिटांत उत्तर आलं, बारा बाय सात. मी म्हटलं, "पडद्याचं नको म्हणावं. पडदा पूर्ण बाजूला सारून काचेला मापाची टेप लावा आणि टेप दिसेल असा फोटो काढा." तिने तसं लिहिलं. मग उत्तर येईना. बाकावरची एक बाई दोनदा घड्याळ बघून गेली. आम्ही दोघी समोर बघत बसलो, जशा काही कुठे तरी निघालो होतो.

पाऊण तासाने फोटो आला. ओल आलेली भिंत आणि तिच्यात न्हाणीघराला असते तसली खिडकी. दोन फूट बाय दीड. त्यातल्याही अर्ध्यात शेजाऱ्याची पाण्याची टाकी.

धाकटीने फोन उलटा करून मांडीवर ठेवला. "पुढच्या बाईची वेळ झाली," ती म्हणाली. मी उतरले. चालत दुकानात आले आणि पिवळ्या कापडाची घडी घालून ठेवली.

सही झाली नाही. भाऊजी संध्याकाळी पेढे आणल्यासारखा चेहरा करून आले, "वहिनी, वाचवलंत." हेही कौतुकाने बघत होते. धाकटी आली नाही. महिनाभर बोलली नाही. तिचं काय चुकलं? त्या खिडकीत ती मनाने खुर्ची टाकून बसली होती. मी तिला उठवलं, तेही उशिरा. त्या महिन्यात मी रोज दिव्यापाशी तिचं नाव आधी घेतलं. सवय लागावी म्हणून. जीभ अडायची ती अडायचीच, पण नाव घेत राहिले.

मग एका दुपारी ती दुकानात आली, टेबलावरची माझी जादा टेप उचलली आणि पर्समध्ये टाकली. "ही लागेल," म्हणाली. "या वेळी स्वतः जातेय. येता का?"

माझ्याकडे पासपोर्ट नव्हता. काढायला वेळ होता. मी म्हटलं, "लग्नसराईची कामं आहेत." ती माझ्याकडे बघून हसली आणि गेली.

पंधरा दिवसांनी तिचा फोन आला, चेहरा दिसणारा. मागे रिकामी खोली. "सांगा वहिनी, काय करू?"

"पडदा सार."

"पडदाच नाही."

"मग टेप लाव. कोपऱ्यापासून."

"नऊ फूट दोन इंच."

"उंची?"

"पाच."

"समोर काय येतं ते दाखव."

तिने फोन फिरवला. काही येत नव्हतं. पाणी होतं, पाण्यावर ऊन होतं, आणि ते इतकं होतं की माझ्या मागच्या खोलीतल्या ट्यूबलाइटचा मला राग आला. पोटात दुखलं, नेहमीच्याच जागी.

"वहिनी? दिसतंय ना? आवाज येत नाही."

"घे," मी म्हटलं.

"काय?"

"घर घे. यात काही खोट नाही."

तिने फोन खिडकीच्या कट्ट्याला टेकवून ठेवला आणि कुणाचीशी मोडकी खुर्ची ओढून बसली. चेहरा दिसेना, गुडघे आणि चपला तेवढ्या दिसत होत्या. मी तिच्या उजव्या पायाकडे बघत होते. तो हलला नाही. इकडे टेबलाखाली माझाच पाय मशीन नसताना मशीन चालवत होता.

"पडदे नकोत हं वहिनी इथे," मग ती म्हणाली.

"कोण शिवतंय?"

"खुर्ची मात्र नवीन घेते. दोन घेऊ का? एक तुमची."

मी पायावर हात ठेवून तो थांबवला.

"घे," म्हटलं. "पण माझी तुझ्यापेक्षा उंच बघ."