रोहिणीशेजारचा गुरू

"थांबा जरा. आकाश अजून येवक नाय," असं म्हणून आमच्या गावातली काकी मांडीवरचा छोटा स्पीकर पदराखाली घ्यायची. सड्यावर आलेले पाहुणे मान वर करून बघायचे. वर चांदण्या ठासून भरलेल्या. मग ते माझ्याकडे बघायचे, कारण त्यांना तिथे मी आणलेलं असायचं. मी म्हणायचो, थांबा म्हणते ना, मग थांबा.

मिठबावात माझा दोन खोल्यांचा होमस्टे आहे. हिवाळ्यात पाहुण्यांचा समुद्र बघून झाला, मासे खाऊन झाले, की संध्याकाळी करायचं काय, हा प्रश्न पडतो. तो काकीच्या मुलाने सोडवला होता. गावामागच्या कातळसड्यावर, उघड्या खडकाळ पठारावर, ग्रामपंचायतीचं उद्यान आहे. म्हणजे सिमेंटची दोन बाकं आणि एक पाण्याची टाकी. झाड औषधालाही नाही. दिव्याचे खांब मंजूर झाले होते, ते कधी आलेच नाहीत. मुलगा म्हणाला, हा अंधार हीच आपली मालमत्ता, आणि तिथे त्याने आकाशदर्शन सुरू केलं. पोरगा हुशार आणि बोलायला गोड. एका जानेवारीत त्याने आपलं सगळं बोलणं रेकॉर्ड करून ठेवलं. आपण बाहेरगावी असलो तर लोक हात हलवत परत जाऊ नयेत म्हणून. त्याच वर्षी पावसाळ्यात दुचाकीवरून घरी येताना तो गेला.

पुढच्या हिवाळ्यात काकी माझ्या दारात उभी राहिली. म्हणाली, पाहुणे पाठव, आकाश मी दाखवते. तिला आकाशातलं ओ की ठो कळत नव्हतं. एकच तारा ती ओळखायची, व्याध; कारण रेकॉर्डिंगची सुरुवातच "आता टाकीच्या डोक्यावर बघा, हा व्याध" अशी होती. म्हणून व्याध टाकीच्या डोक्यावर आल्याशिवाय ती बटण दाबत नसे. डिसेंबरात त्याला उशीर व्हायचा आणि पाहुणे जांभया द्यायचे. जानेवारी सरत आला की दिवेलागणीलाच धावपळ. फेब्रुवारी निम्मा झाला की उजेड असतानाच तो टाकीवरून पुढे गेलेला असायचा आणि काकीचा हंगाम संपायचा. मुलगा असता तर आकाश बघून बोलला असता. आता आकाशालाच त्याच्या बोलण्यापर्यंत यावं लागे.

वाट बघणाऱ्यांच्या हातावर ती उकडलेले करांद्याचे कंद ठेवायची. अंधारात लोक बटाटे समजून खायचे आणि वर मागून घ्यायचे. मोबाइल पेटवला तर मात्र खैर नसे. "इजवा तो. माझ्या झिलाक दिसाचा नाय," म्हणायची. झील म्हणजे मुलगा. सुरुवातीला मला वाटलं, चुकून बोलली असेल. पुढे मी तिला दुरुस्त करायचं सोडलं.

त्या बोलण्यात एक जागा होती. मुलगा कातळावर उताणा पडून रेकॉर्ड करत असताना काकी त्याला जेवायला बोलवायला आली होती आणि नेमकी त्याच्या डोक्याशी उभी राहिली होती. ते त्याने काढून टाकलं नव्हतं.

"आये, बाजूक सर गो. गुरू झाकलंस."

"खंयचो गुरू रे?"

"ह्यो काय, रोहिणीच्या बाजूक."

आणि तो हसतो. बाकी सगळं पाहुण्यांसाठीचं शुद्ध मराठी. एवढंच काय ते घरातलं.

पुण्याच्या एका गृहस्थांनी हे ऐकलं, वर बघितलं आणि अगदी सभ्यपणे सांगितलं की रोहिणीजवळ आता गुरू नाही. तो पुनर्वसूकडे गेलाय, ग्रह एका जागी राहत नाहीत. त्यांचं बरोबर होतं, हीच तर पंचाईत. काकीने स्पीकर बंद केला.

"म्हणजे माझो झील खोटा सांगता?" हे तिने मला विचारलं, त्यांना नाही.

गृहस्थ ओशाळले. तेवढा भाग कापून देतो म्हणाले, दोन मिनिटांचं काम. काकीने स्पीकर पोटाशी धरला आणि करांद्यांचं पातेलं तिथेच टाकून ती घरी गेली.

बरेच दिवस ती सड्यावर फिरकली नाही. व्याध यायचा आणि जायचा, मी पाहुण्यांना काहीबाही थापा मारायचो. तिचा पेच मला कळत होता. तेवढं कापलं तर मुलगा पुन्हा कधी तिच्याशी बोलणार नाही. ठेवलं तर चारचौघांत तो खोटा ठरणार.

मग एका सकाळी ती आली. गावातली निम्मी लग्नं तिने जुळवलेली, त्या विषयात तिचा हात धरणारं कोणी नाही. तिने विचारलं, सिंहस्थात लग्नं अडतात ती ज्याच्यामुळे, तो हाच गुरू ना? मी म्हटलं, हाच.

"सिंहस्थ बारा वर्षांनी परत येता. मगे ह्यो रोहिणीकडे पण बारा वर्षांनी येतलो मा?"

येईल, म्हटलं.

"मगे माझो झील खोटो नाय. आधी सांगून ठेवल्यान, इतक्याच."

त्या संध्याकाळपासून ती पुन्हा बसू लागली. गुरू कुठे आहे असं कोणी विचारलं, की ती शांतपणे म्हणायची, येतलो, बसा. बारा वर्षं बसायची तयारी कोणाचीच नसायची.

गेल्या पावसाळ्यात काकी गेली. आजारपणात तिने स्पीकर माझ्याकडे दिला आणि म्हणाली, "मी नसलंय तरी लावत ऱ्हव. गुरू येयसर." एवढ्या लांबचा वायदा करावा असा मी भरवशाचा माणूस नाही. पण नाही म्हणवलं नाही.

या हिवाळ्यात मीच लावतो. लोक कातळावर आडवे पडतात, मुलगा एकेक नक्षत्र सांगत येतो आणि ती जागा येते. दोघंही आता नाहीत आणि दोघं माझ्यासमोर बोलतात. तुम्ही आलात तर एक गोष्ट तुम्हीही बघाल. "बाजूक सर गो" ऐकलं की अंधारात माणसं सरकतात. मालवणी न कळणारीही सरकतात. ठरवून कोणी करत नाही, नुसतं अंग काढून घेतात, आणि मधे एका माणसापुरता कातळ मोकळा होतो. मी भित्रा नाही, पण तिकडे मला बघवत नाही. रेकॉर्डिंग संपेपर्यंत तिथे कोणी पाय पसरत नाही.