गुमेर्सिंदाच्या गुडघ्याखाली

लेओकादियाला खोकला आला की घरातली माणसं तिच्या तोंडाकडे नाही, घागऱ्याकडे बघत. ही सवय सासूने लावली होती. गुमेर्सिंदा सूप पिताना चमचा खाली ठेवायची आणि म्हणायची, "सुटला बघा नळ. कुणीतरी बादली लावा रे." पोरं हसायची. सगळ्यात मोठ्याने हसायचा तो लेओकादियाचा नवरा, पोलिकार्पो.

हा नळ बिघडवला कुणी, ते मात्र कुणी विचारत नसे. एल आल्तो शहराच्या त्या वस्तीत बाळंतिणीच्या पोटावर विणलेला पट्टा आवळतात, म्हणजे आतलं सगळं परत जागेवर बसतं असं म्हणतात, आणि पुढे बायका तो जन्मभर बांधूनच वावरतात. लेओकादियाच्या चारही बाळंतपणांत सासूने तिला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, पाठीत गुडघा रोवला आणि श्वास अडेपर्यंत पट्टा ओढला. आठवडा सरायच्या आत पाठीवर बटाट्याचं पोतं. वरून आवळलं तर आतलं खालीच जाणार, हे पोतं भरणाऱ्या कुणालाही कळतं. बाईच्या पोटाच्या बाबतीत ते कळून घ्यायची कुणाला गरज वाटली नाही. चौथ्या लेकरानंतर खोकलं, शिंकलं, हसलं की लेओकादिया भिजायची. बाजारात पाच परकरांखाली ते खपून जाई. घरात खपत नसे, कारण सुनेचं धुणं सासू उलटंपालटं करून बघायची. स्वतःचं धुणं मात्र गुमेर्सिंदा कुणाच्या हाती लागू देत नसे.

त्या वर्षी पोलिकार्पो आणि लेओकादिया वस्तीच्या संत सांतियागोच्या उत्सवाचे यजमान झाले. यजमान जोडप्याने मोरेनादाच्या नाचात सगळ्यांच्या पुढे राहायचं, वस्तीच्या वरच्या टोकापासून उतारावरून थेट चर्चच्या दारापर्यंत. या मानासाठी लेओकादियाने अर्धी जिंदगी बाजारात बटाट्यांच्या ढिगामागे काढली होती. बायकांच्या घागऱ्यांचं कापड सासूने निवडलं. फिकट आकाशी साटीन, थेंब पडला तरी रस्त्यापलीकडून दिसेल असं.

"आई, गडद घेऊ या की."

"का गं, तुला कसली धास्ती?" गुमेर्सिंदा म्हणाली. "झेपत नसेल तर आत्ताच बोल. धाकट्या सुनेला उभी करते माझ्या पोराशेजारी. नीवेस कोरडी आहे."

लेओकादिया दुसऱ्याच दिवशी सरकारी दवाखान्यात गेली. तिथल्या नर्सने तिला झोपवून तपासलं आणि आधी पट्टा काढायला लावला.

"हा घरी फेकून दे. आणि आता मी सांगते तसं कर. चर्चमध्ये मिसा चालू आहे, पाद्री समोर आहे आणि पोटात वारा धरलाय. कसा अडवशील? तसंच आतून वर ओढ. धर. आता सोड. श्वास कोंडू नकोस बाई, तोंड कशाला वाकडं करतेस?"

लेओकादियाला हसू फुटलं आणि ती तिथेच भिजली. नर्सने न हसता फडकं दिलं. त्या फडक्यापायी लेओकादिया घरी जाईपर्यंत रडत होती.

मग ती ढिगामागे बसून रोज तेच करू लागली. ओठ मिटून, नजर एका जागी लावून आतून धरायची. गिऱ्हाइकांना वाटायचं बाई भावावर अडून बसलीय, आणि लोक मुकाट सांगितलेले पैसे काढायचे. काही महिने गेले. एके दिवशी मिरचीवालीने शेजारी पोतं झटकलं, लेओकादियाला शिंकांवर शिंका आल्या, आणि परकर कोरडा राहिला. तिला बाजारभर ओरडून सांगावंसं वाटलं. तिने कुणालाच सांगितलं नाही; सासूला धुण्यात कळू नये म्हणून परकर ती आधीच पाण्यात बुडवून ठेवू लागली.

उत्सवाच्या सकाळी यजमानीणबाईचा पट्टा घरातल्या थोरल्या बाईने बांधायचा असतो. नाही म्हणणं म्हणजे आशीर्वाद नाकारणं. आळीतल्या बायकांनी खोली भरलेली. गुमेर्सिंदाने गुडघा लावला आणि जुन्या वैराने ओढला.

"सैल करा थोडा, आई."

"चार वेळा बांधला, मेलीस का?"

बायका हसल्या. लेओकादिया लघवीचं निमित्त करून मागे गेली, पट्टा सोडला, वरवर गुंडाळला आणि सरळ येऊन पोलिकार्पोशेजारी उभी राहिली.

बँड सुरू झाला. तिच्या मागच्याच ओळीत म्हाताऱ्या बायका, मधोमध गुमेर्सिंदा, पट्टा छातीपर्यंत आवळलेला. प्रत्येक गिरकीला ती सुनेच्या घागऱ्यावर डोळा ठेवून होती. "आता सुटतो बघ नळ, वळणावर सुटतो," शेजारणीला सांगून ती हसत होती. वळण गेलं. चर्च दिसू लागलं. लेओकादिया कोरडी नाचत होती. सांगितलेलं खरं होईना म्हणून गुमेर्सिंदा आणखी जोराने हसली, आणि हसता हसता एकदम थांबली.

तिच्या फिकट आकाशी घागऱ्यावर पुढून गडद ओघळ उतरला. पाठोपाठ जुन्या चादरीची जाड, भिजलेली घडी दोन पायांमधून रस्त्यावर पडली. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, असा तिचा सगळा जन्म गेला होता. तिने सुनेकडे पाहिलं. लेओकादियाचा घेरदार घागरा त्या घडीवरून एक गिरकी घेता तर कुणाला काही कळलं नसतं. म्हातारीच्या डोळ्यांत तेवढीच विनवणी होती.

लेओकादियाने घागरा दोन्ही हातांनी उचलला आणि ती बाजूला झाली.

झांजवाल्याने पाहिलं. मग ढोलवाल्याने. मग साऱ्या रस्त्याने पाहिलं, आणि सगळ्यात मोठ्याने हसला तो पोलिकार्पोच.

दुसऱ्या दिवशी घर पिऊन झोपलं होतं. गुमेर्सिंदा अंगणातल्या नळाशी एकटीच धूत बसली होती. लेओकादिया पाणी भरायला आली तेव्हा ती बराच वेळ फडकं चोळत राहिली.

"सोळाव्या वर्षापासून आहे मला," खाली बघत ती म्हणाली. "माझ्या सासूनं पट्टा बांधला तेव्हापासून. आता तर सगळंच खाली येतं, हातानं आत सारावं लागतं. तुझं थांबलं. दवाखान्यात गेली होतीस ते कळलंय मला. काय सांगितलं गं पोरी तुला?"

पोरी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. लेओकादियाला नर्सने सांगितलेला पाद्री आठवला, तिने दिलेलं फडकं आठवलं. सांगायला दोन वाक्यं पुरली असती. तिने बादली खाली ठेवली.

"पट्टा," ती म्हणाली. "सैल राहतो तुमचा. उभ्या राहा, मी बांधते."

म्हातारी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. लेओकादियाने तिच्या पाठीत गुडघा रोवला आणि ओढला.